वारशातली व्हिंटेज पोर्ट: विकायची की उघडायची?

व्हिंटेज पोर्ट ही मुळातच पुढच्या पिढीसाठी बाटलीत भरली जाणारी वाइन आहे. चांगल्या वर्षाची बाटली पिण्याजोगी व्हायला वीस वर्षे लागतात, पूर्ण बहरायला तीस-चाळीस. त्यामुळे ती विकत घेणारा आणि पिणारा हे बरेचदा वेगळे असतात. इंग्लंडमधल्या सधन घरांत मूल जन्मले की त्या वर्षाच्या पोर्टचे आख्खे पिंप त्याच्या नावे विकत घ्यायची प्रथा होती. एका पिंपात सुमारे 550 लिटर, म्हणजे सातशेहून अधिक बाटल्या. मूल सज्ञान होईपर्यंत तळघरात कोणी त्यांना हात लावत नसे. अशा बाटल्या वारशाने मिळाल्या की विकायच्या की प्यायच्या, हा प्रश्न युरोपात दोन शतके विचारला जातो आहे.

मीरा-भाईंदरमधल्या काशीगावात तो वेगळ्या रूपात येतो. इथे तळघर नाही. जुने घर पुनर्विकासाला देताना किंवा वडीलधारी व्यक्ती गेल्यावर कपाट रिकामे करताना एखादी काळपट, लाखेने बंद केलेली बाटली हाती लागते. लेबलवर ‘पोर्ट’ आणि एखादे वर्ष असते. कोणीतरी सांगते की जुनी वाइन लाखोंना जाते, दुसरे कोणी म्हणते की इतकी जुनी वस्तू विषारी झाली असेल. दोन्ही समजुती बहुतेक वेळा चुकीच्या ठरतात. ही बाटली नेमकी कशाची आहे, ती इतकी वर्षे कुठल्या हवेत होती आणि महाराष्ट्राचा कायदा तिच्याबाबत काय करू देतो, हे कळले की निर्णय अवघड उरत नाही.

पोर्ट पोर्तुगालच्या उत्तर भागातल्या दोरू नदीच्या खोऱ्यात होते. तूरिगा नासिओनाल, तूरिगा फ्रांका, टिंटा रोरिझ अशा स्थानिक जातींची द्राक्षे उतारावरच्या दगडी पायऱ्यांवर वाढतात. रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात सुमारे 77 टक्के तीव्रतेची द्राक्षांची दारू ओततात. त्याने आंबवणारे यीस्ट मरते आणि साखर तशीच राहते. तयार होते ती गोड, गडद आणि साधारण 19 ते 22 टक्के अल्कोहोल असलेली वाइन. साध्या वाइनमध्ये हे प्रमाण 12 ते 14 टक्के असते. हा फरक वारसदाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण इतक्या अल्कोहोलमध्ये व्हिनेगर करणारे जिवाणू तग धरत नाहीत. जुनी पोर्ट फिकी पडते, निस्तेज होते, पण साध्या वाइनसारखी सहजासहजी आंबट होत नाही.

पुढचा प्रवास कोणत्या भांड्यात होतो यावर पोर्टचे प्रकार ठरतात. टॉनी पोर्ट वर्षानुवर्षे लाकडी पिंपात मुरते, तिथेच हवेशी तिचा संबंध येतो आणि तिचा रंग तांबूस-तपकिरी होतो. दहा, वीस, तीस, चाळीस वर्षे असे वय तिच्या लेबलवर असते, पण ते पिंपातले वय. बाटलीत भरल्यावर ती आणखी सुधारत नाही. व्हिंटेज पोर्टचे याच्या उलट. ती एकाच वर्षाच्या निवडक द्राक्षांची असते, सुमारे दोन वर्षे लाकडात राहते आणि न गाळता बाटलीत जाते. तिचे खरे आयुष्य काचेच्या आत, बुचाखाली घडते. ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ नावाची तिसरी जात चार ते सहा वर्षे पिंपात राहून बाटलीत येते. लेबलवर वर्ष असते म्हणून तिला व्हिंटेज समजण्याची चूक सर्रास होते, पण तिची किंमत आणि टिकाऊपणा दोन्ही कमी.

दरवर्षी व्हिंटेज पोर्ट निघत नाही. पीक उत्तम आले तरच उत्पादक ते वर्ष जाहीर करतात, दशकातून साधारण तीनदा. 1945, 1955, 1963, 1970, 1977, 1994, 2011 ही त्यांतली गाजलेली वर्षे. 2016 आणि 2017 अशी लागोपाठची दोन वर्षे बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केली, हे फारच क्वचित घडते. टेलर, ग्रॅहम, फोन्सेका, डाऊ, वॉर, कॉकबर्न, सँडेमन आणि किंटा दो नोव्हाल ही घराणी लेबलवर दिसली तर बाटलीकडे नीट पाहायला हवे.

काशीगावच्या कपाटात अशी बाटली आली कुठून? पहिला तर्क पोर्तुगीज राजवटीचा केला जातो. घोडबंदरचा किल्ला जवळच आहे, साष्टी बेट 1534 च्या वसईच्या तहानंतर दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होते, परिसरात जुनी चर्चे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती आहे. तरीही हा तर्क टिकत नाही. साष्टी मराठ्यांनी 1737 मध्ये घेतली, वसई 1739 मध्ये पडली. दोरू खोऱ्याची हद्द पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोंबाल याने 1756 मध्ये आखून दिली, आणि बाटलीत आडवी ठेवून मुरवायची व्हिंटेज पोर्ट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजू लागली. म्हणजे आज जिला पोर्ट म्हणतात ती आकाराला येण्याआधीच पोर्तुगीज इथून गेले होते. शिवाय या पेयाला घडवले ते मुख्यतः पोर्तो शहरातल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी, आणि तेही इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी.

खरा रस्ता अलीकडचा आहे. जहाजांवर नोकरी करणारे खलाशी, आखातात गेलेले कामगार, विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून आणलेली भेट, लिस्बन किंवा लंडनला स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी नाताळाला आणलेली पिशवी. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सीमाशुल्काच्या नियमाने दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, म्हणून अशा बाटल्या एक-दोन अशाच येतात, पेटीने नाही. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन घरांत जांभळाची, आल्याची किंवा द्राक्षांची वाइन घरीच घालण्याची आणि लग्नातल्या ‘उंबराचे पाणी’ या विधीला खिमाड हे गरम, मसालेदार मद्य देण्याची परंपरा आहे. परदेशातून आलेली ‘चांगली’ बाटली मात्र मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवली जाते. तो प्रसंग टळत जातो आणि बाटली वारशात येते.

दुसरा रस्ता गोव्याचा, आणि संख्येने तोच सर्वांत मोठा. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ या नावाने विकली जाणारी गोड, तांबडी वाइन भारतीय द्राक्षांची असते. दोरू खोऱ्याशी तिचा संबंध नावापुरता. ‘पोर्टो’ हे नाव भौगोलिक मानांकन म्हणून भारतातही नोंदले गेले आहे, तरी बोलण्यातले आणि दुकानातले जुने नाव टिकून आहे. ही वाइन ताजी प्यायची असते. ती पंचवीस वर्षे ठेवली तर तिचे वय वाढते, मोल वाढत नाही. कपाटातल्या बाटलीवर गोव्याचा पत्ता असेल तर विक्रीचा विचार तिथेच संपतो. आठवण म्हणून ती ठेवावी, नाहीतर रिकामी करावी.

खरी व्हिंटेज पोर्ट ओळखायला लेबलवर दोन गोष्टी एकत्र लागतात: एकच वर्ष आणि ‘व्हिंटेज’ हा शब्द, आणि त्यांच्या आगेमागे ‘लेट बॉटल्ड’ नसणे. मानेवर, बुचावरून चिकटवलेली कागदी हमीपट्टी असते. ती पोर्ट वाइनवर देखरेख ठेवणाऱ्या पोर्तुगालच्या सरकारी संस्थेची, जिची सुरुवात 1933 मध्ये झाली. बूच पूर्ण आत ठोकलेले असते. वर प्लास्टिकची टोपी असलेले, हाताने फिरवून निघणारे बूच म्हणजे बाटली टॉनी, रूबी किंवा तशाच लगेच प्यायच्या प्रकारची. फार जुन्या बाटल्यांची गोष्ट निराळी. 1970 च्या पिकापर्यंत पुष्कळशी व्हिंटेज पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जाऊन तिथल्या व्यापाऱ्यांकडे बाटलीत भरली जात असे. पुढे ती पोर्तुगालमध्येच भरणे सक्तीचे झाले. त्यामुळे जुन्या बाटलीवर लंडन किंवा ब्रिस्टलच्या दुकानाचे नाव असू शकते, किंवा लेबलच नसते. अशा वेळी ओळख बुचात लपलेली असते: घराण्याचे नाव आणि वर्ष बुचाच्या अंगावर डागलेले असते आणि काचेतून मानेजवळ उजेड धरला तर अंधुक वाचता येते. बाटलीच्या अंगावर चुन्याचा पांढरा फराटा दिसला तर तो डाग समजून पुसू नये. बाटली कोणत्या कुशीवर निजवली होती हे सांगणारी ती तळघरातली खूण आहे.

बाटली खरी निघाली तरी निम्माच प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा हवेचा, आणि कोकण किनाऱ्यावर तोच निर्णायक ठरतो.

पोर्ट मुरते ती 12 ते 14 अंश सेल्सिअसच्या अंधाऱ्या, किंचित दमट तळघरात. वर्षभर तापमान हलता कामा नये. काशीगावात वर्षाचे सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास, मार्च ते मेमध्ये दुपारी पारा 33-35 च्या पुढे, आणि पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून बराच जास्त. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. तळघर आणि काशीगाव यांच्यात चौदा अंशांचा फरक धरला तर वेग अडीचपटीहून अधिक भरतो. म्हणजे इथे वीस वर्षे राहिलेल्या बाटलीचे वय तळघरातल्या पन्नास वर्षांच्या बाटलीइतके होते. तेही फक्त आकड्यांत. प्रत्यक्षात उष्णतेने सगळ्याच क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत. फळाचा गंध आधी जातो, रंग विटकरी होतो, आणि करपलेल्या साखरेसारखी, शिजवलेल्या मनुकांसारखी चव पुढे येते. वाइनच्या व्यापारात अशा बाटलीला शिजलेली म्हणतात आणि कोणताही जाणकार ती विकत घेत नाही.

उष्णतेचा दुसरा परिणाम यांत्रिक आहे. दुपारी वाइन प्रसरण पावते, बुचाला बाहेर ढकलते, कधी कडेने थेंब पाझरतो. रात्री ती आकसते आणि थोडी हवा आत ओढली जाते. बाटली दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये उभी असेल तर आणखी एक भर पडते. वाइनचा स्पर्श नसल्याने बूच आतून कोरडे पडते, बारीक फटी राहतात. पावसाळ्यातला दमटपणा बाहेरून बुचाला थोडी मदत करतो खरा, पण लेबलवर बुरशी चढवतो आणि कसर त्याचा कागद खाते. लिलावात लेबलची अवस्था हीदेखील किंमत असते.

हे सगळे बाटलीच्या अंगावर वाचता येते. बाटली न हलवता उजेडासमोर उभी धरावी आणि वाइनची पातळी पाहावी. ती मानेत असेल तर बूच शाबूत राहिले आहे. मानेच्या बुडाशी आली असेल तर तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीला ते क्षम्य. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर आत बरीच हवा गेली आहे. मग वरचे आवरण बघावे. बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेले असेल, आवरण फुगलेले असेल, किंवा त्याखालून चिकट, काळपट ओघळ उतरला असेल, तर बाटली कधीतरी तापून उतू गेली होती हे नक्की. शेवटी मानेतल्या वाइनचा रंग. टॉर्चच्या उजेडात चाळीस वर्षांची निरोगी व्हिंटेज पोर्टही माणकासारखी लाल दिसते, कडेला विटकरी झाक असते. सगळीच चहाच्या रंगाची दिसली तर तिचा काळ सरला आहे. तळाशी किंवा एका कुशीला धरलेला काळा, कवचासारखा थर मात्र बिघाड समजू नये. वाइन न गाळता भरलेली असल्याने तो बसणारच. तो नसेल तर उलट शंका घ्यावी.

आता विक्री. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि त्याची रचना बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळी आहे. त्याचे कलम 12 मद्य बाळगणे, वाहून नेणे, विकणे आणि विकत घेणे या सगळ्यालाच मुळात बंदी घालते. परवाना हा त्या बंदीतला अपवाद. परवान्याशिवाय विक्री, खरेदी किंवा बाळगणे हा कलम 65 खाली गुन्हा होतो. दुकानदाराकडे विक्रीचा परवाना असतो, पण तोही घाऊक पुरवठादाराकडून, शुल्क भरलेलाच माल घेऊ शकतो. घरातून आणलेली जुनी बाटली त्याला कायद्याने विकत घेता येत नाही. वर्तमानपत्रात, समाजमाध्यमावर किंवा जुन्या वस्तू विकण्याच्या संकेतस्थळावर जाहिरात देणे म्हणजे विनापरवाना विक्रीचा पुरावा स्वतःच तयार करणे. खासगी माणसाने खासगी माणसाला एक बाटली विकली तरी ती विक्रीच. थोडक्यात, वारसाच्या बाटलीला या राज्यात कायदेशीर बाजारच नाही. नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने ‘घेणारा ओळखीचा आहे’ म्हणून सुचवलेला मार्ग कितीही सोपा वाटला तरी तो घेऊ नये.

ठेवणे आणि पिणे यासाठीही परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभाग एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे परवाने देतो. कडक मद्यासाठी महाराष्ट्रात वयाची अट 25 वर्षांची आहे, आणि परवान्यावर एका वेळी किती मद्य बाळगता येते त्याला मर्यादा असते. शुल्क किरकोळ आहे. एखाद-दुसऱ्या बाटलीसाठी आजीवन परवाना घेऊन टाकला की घरातल्यांची काळजी मिटते. बाटल्या गोव्यातल्या घरात सापडल्या असतील तर त्या गाडीत टाकून इकडे आणणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. गोव्याहून मद्य आणण्यासाठी परवाना लागतो आणि सीमेवर तपासणी नेहमी होते. गोव्यातली बाटली गोव्यातच उघडलेली बरी.

परदेशात नेऊन विकण्याचा विचार मनात येतो, म्हणून त्याचाही हिशेब करून पाहावा. विमानाच्या सामानात 24 टक्क्यांहून कमी अल्कोहोलची वाइन नेता येते, पण इंग्लंडसारख्या देशात उतरताना मिळणारी करसवलत स्वतःच्या वापरासाठी आणि भेटीसाठी असते, विक्रीसाठी नाही. विकायला नेलेला माल जाहीर करून कर भरावा लागतो. त्यापुढचा प्रश्न लिलावगृहाचा. क्रिस्टीज, सदबीज, बोनम्स ही लिलावगृहे जुनी पोर्ट विकतात, पण किंमत ठरवताना बाटलीचा इतिहास विचारतात: कुठून घेतली, कोणाच्या तळघरात, किती तापमानात ठेवली. ‘मुंबईजवळ, कपाटात, तीस वर्षे’ हे उत्तर ऐकल्यावर बोलणे तिथेच थांबते. त्यात पोर्टचे भावही बोर्दो किंवा बरगंडीच्या तोडीच्या वाइनच्या मानाने नेहमीच माफक राहिले आहेत. चाळीस वर्षांची उत्तम पोर्ट त्याच वयाच्या नामांकित बोर्दोच्या किमतीच्या काही अंशात मिळते. पिणाऱ्याचे हे भाग्य, विकणाऱ्याचे नाही. अपवाद मोजके. किंटा दो नोव्हालच्या मळ्यातल्या कलम न केलेल्या वेलींपासून होणारी ‘नासिओनाल’, विशेषतः 1931 आणि 1963 ची, जगभर शोधली जाते. अशी बाटली कपाटात निघाली तर तज्ज्ञाला छायाचित्रे पाठवून मत घ्यावे. एरवी विमानाचे भाडे, कर आणि लिलावगृहाचे दलाल-शुल्क वजा जाता हाती काही उरत नाही.

विकणे शहाणपणाचे ठरते अशी एक परिस्थिती मात्र खरी आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी किंवा गोवेकर कुटुंबांत बाटल्या मूळ दुकानातून घेऊन व्यावसायिक गोदामात ठेवलेल्या असतात. पावत्या असतात, तापमानाची नोंद असते, पेटी फोडलेली नसते. काशीगावच्या वारसदाराला असा वाटा मिळाला असेल तर त्या बाटल्या तिथून हलवू नयेत. तिथेच परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत किंवा लिलावात विकाव्यात आणि भारतात पैसे आणावेत. सहा-बारा बाटल्यांची न फोडलेली पेटी एकेका बाटलीपेक्षा केव्हाही चांगली जाते. एक-दोन बाटल्या राखून पुढच्या भेटीत तिथेच उघडल्या तर दोन्ही हौशी भागतात. आणि 2011 सारख्या अलीकडच्या वर्षाची पेटी असेल तर घाई नको. चांगल्या गोदामात ती अजून तरुण आहे.

बाटली कोणाची, हेही आधी पाहिले पाहिजे. ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, हिंदू कुटुंबाला 1956 चा हिंदू वारसा कायदा. मृत्युपत्र नसेल तर दोन्हींत मुलगे-मुली समान हिस्सेदार असतात, आणि हयात जोडीदाराचाही हिस्सा असतो. घर-जमिनीच्या वादात एका बाटलीकडे कोण बघतो असे वाटेल, पण वडिलांनी जपलेली वस्तू एका भावाने मित्रांत बसून संपवली, ही सल घरांत वर्षानुवर्षे राहते. बाटली वाटून देता येत नाही, एकत्र बसून मात्र तिची समान वाटणी होऊ शकते. न विकण्याच्या बाजूने हा मुद्दा कायद्याइतकाच वजनदार आहे.

उघडायचे ठरले की घाई करू नये. सुरुवातीला सुरक्षितता. मूळ सील शाबूत असलेली, घरातल्या माणसाने स्वतः आणलेली बाटली जुनी झाली म्हणून विषारी होत नाही. उलट सील तुटलेली, पुन्हा लाख लावल्यासारखी दिसणारी किंवा कोणी कुठून आणली याचा पत्ता नसलेली बाटली तोंडाला लावू नये. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली होती. मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही. जुन्या बाटल्यांच्या मानेवरचे मऊ धातूचे आवरण शिशाचे असू शकते. ते पूर्ण कापून काढावे आणि बाटलीची कड ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यावी.

आडवी असलेली बाटली दोन दिवस आधी उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसेल. शेवटचे दोन-तीन तास ती फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत, न हलणाऱ्या जागी ठेवावी. पोर्ट 16 ते 18 अंशांवर चांगली लागते आणि मुंबईच्या हवेत पेल्यात पडताच ती तापू लागते. बूच हा खरा अडसर. चाळीस वर्षांचे बूच साध्या स्क्रूने ओढले की मधोमध तुटते किंवा भुगा होऊन आत पडते. दोन पातळ पाती बुचाच्या दोन्ही कडांनी सरकवून, पिळत वर काढायचे हत्यार मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास लांब स्क्रू शेवटपर्यंत घालून अगदी सावकाश ओढावा. तुटलेच तर उरलेला तुकडा आत ढकलून द्यावा, हळहळण्याचे कारण नाही, कारण वाइन गाळायचीच आहे. काचेच्या स्वच्छ सुरईवर गाळणी आणि तिच्यात धुऊन वाळवलेले, साबणाचा वास नसलेले मलमल घालावे. बाटली एकाच धारेत, मध्ये न थांबता ओतावी. मानेखाली टॉर्च ठेवली की वाइन पारदर्शक लाल दिसते. मग अचानक धुरासारखी काळी रेघ खांद्याशी येते. तिथे हात थांबवायचा. तळाशी उरलेले अर्धा-पाऊण पेलाभर सोडून द्यायचे. सुरई शिशाच्या स्फटिकाची असेल तर वाइन तिच्यात रात्रभर ठेवू नये.

पहिला वास निराश करतो. बंद खोलीचा, ओल्या लाकडाचा, कधी स्पिरिटचा. तास-दोन तासांत तो उडतो आणि खाली काय शिल्लक आहे ते कळते: सुका अंजीर, मनुका, अक्रोडाची साल, कोको. उष्णतेत राहिलेल्या बाटलीतही एवढे पुष्कळदा सापडते. तिला बाजार नसतो, पण चव असू शकते, आणि हेच वारसदाराला सहसा कोणी सांगत नाही. एका 750 मिलिलिटरच्या बाटलीत छोटे दहा-अकरा पेले होतात, म्हणजे एका कुटुंबाला एक बाटली पुरते. सोबत इंग्लंडात निळ्या बुरशीचे चीज घेतात. काशीगावात नाताळच्या फराळातले मार्झिपान, खजुराचे रोल, अक्रोड किंवा नुसते सुके अंजीर तितकेच जुळतात. फार गोड मिठाई मात्र टाळावी, तिच्यापुढे जुनी पोर्ट फिकी लागते. उघडलेली व्हिंटेज पोर्ट दोन दिवसांत उतरते, तेव्हा बैठक ठरवूनच बाटली उघडावी. टॉनी असेल तर फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते.

मराठी घरांत पोर्ट वाइनला औषध मानण्याची जुनी सवय आहे. अशक्तपणाला, बाळंतिणीला, रक्त वाढायला म्हणून ती चमच्याने दिली जाते. तिच्यात रक्त वाढवणारे काही नाही. लोहाचे प्रमाण नगण्य, साखर भरपूर आणि अल्कोहोल साध्या वाइनच्या दीडपट. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही. बाळंतिणीला, मुलांना किंवा मधुमेही वडीलधाऱ्यांना आग्रह करण्याची ही वस्तू नव्हे. घरात कोणीच पीत नसेल तर ती बंदच ठेवण्यात काही गैर नाही, आणि उघडून मोरीत ओतली तरी कोणाचे नुकसान नाही. वास फक्त करपलेल्या साखरेचा येत असेल आणि पिण्याजोगे काही उरले नसेल, तर भाजलेल्या मांसाच्या रश्श्यात किंवा फळांच्या पाकात ती आटवता येते. आंबूस, कुबट किंवा झोंबणारा वास आला तर तेवढ्यासाठीही वापरू नये.

आणखी दहा वर्षे थांबण्याने कोकणच्या हवेतल्या बाटलीचे काही भले होत नाही. गोदामातली बाटली थांबू शकते, माळ्यावरची नाही. म्हणून काशीगावात, भाईंदरात, उत्तनमध्ये ज्यांच्या कपाटात अशी बाटली आहे, त्यांनी या डिसेंबरमध्ये हवा जरा थंड झाली की ती खाली काढावी, पातळी आणि बूच तपासावे, परवाना घ्यावा, भावंडांना बोलवावे आणि उघडावी.